टाकीचे झाकण

नवी इमारत उभी राहते तेव्हा प्रवेशद्वार, लिफ्ट, पार्किंग सारे निगुतीने पाहिले जाते. गच्चीवरच्या टाकीकडे मात्र पाणी येईनासे झाल्याशिवाय कुणी चढत नाही. चढून पाहिले तर बहुतेक ठिकाणी एकच दृश्य दिसते: झाकण तडकलेले, त्यावर वीट ठेवलेली, ओव्हरफ्लोचा पाइप उघडा. हेच पाणी आपण पितो.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास मुख्यतः साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. म्हणून टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. भिंती घासाव्या लागतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते. पिंप, बादल्या, फुलदाण्या यांच्यासाठी ते योग्यच आहे. पण जालना किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात, जिथे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, तिथे हजार लिटरची भरलेली टाकी दर आठवड्याला कोण ओतून देईल? अशा घरांना उपाय एकच: घट्ट बसणारे, कडी लागणारे झाकण आणि ओव्हरफ्लो व हवेच्या पाइपांच्या तोंडाला बारीक जाळी. कापड बांधलेले चालते, पण ते कुजते. गंज न धरणारी जाळी बरी.

दुसरा प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरला पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारी नळाखाली हात धरवत नाही. त्रास एवढाच असता तर सोसला असता. पण पाणी तापले की त्यातले क्लोरीन लवकर उडते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवे. पालिकेने घातलेले ते तापलेल्या टाकीतच संपले, तर पुढच्या जंतूंना अडवणार कोण?

इंग्लंडमध्ये माळ्यावरची टाकी गोठू नये म्हणून बाजूंनी आणि वरून लपेटतात. तळ मात्र उघडा ठेवतात, घराची ऊब खालून मिळावी म्हणून. आपल्याकडे नेमके उलट हवे. तापलेला स्लॅब खालून पाणी शिजवतो, म्हणून टाकी चौथऱ्यावर उचलून ठेवावी. वर पत्र्याचे किंवा शेडनेटचे छत घालावे. छत आणि टाकी यांत वारा खेळेल इतके अंतर सोडावे. टाकीला बाहेरून पांढरा रंग द्यावा. टाकीला गुंडाळलेले ओले गोणपाटही थोडेफार उपयोगी पडते. आणि गच्चीवर उघडे लोळणारे पाइप विसरू नयेत. उन्हात पहिले गरम होते ते त्यांतलेच पाणी, आणि ‘गार येईपर्यंत’ म्हणून आपण तेच मोरीत सोडून देतो.

यातले काहीच महाग नाही. तरीही पालिकेचे कर्मचारी बहुधा पावसाळ्यात, ताप सुरू झाल्यावर गच्चीवर पोचतात आणि अळ्या सापडल्या की नोटीस देतात. ही तपासणी भोगवटा प्रमाणपत्र देतानाच व्हावी: कडीचे झाकण, जाळी, सावली आणि टाकीपर्यंत चढायला पक्की शिडी. शिडी नसेल तर झाकण तडकले हे कळणार तरी कुणाला? जुन्या सोसायट्यांनी हे काम मार्चच्या आत उरकावे आणि त्याचा खर्च देखभाल निधीत दरवर्षी धरावा.