पूर, आग आणि तुमची हार्डडिस्क: बॅकअप दुसऱ्या गावात का हवा?

2025 च्या सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आठवतोय? मराठवाड्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. नांदेडला गोदावरी फुगलेली, लातूर जिल्ह्यात मांजरा आणि तेरणा पात्राबाहेर. त्याआधी ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातलं हसनाळ एका रात्रीत पाण्यात गेलं होतं आणि लष्कराला बोलवावं लागलं होतं. बातम्यांत माणसं, जनावरं, सोयाबीन यांचीच चर्चा झाली, आणि ते बरोबरच आहे. पण घरात पाणी शिरलं की लॅपटॉप, मेमरी कार्ड, कपाटातली हार्डडिस्क हेही जातं, आणि त्याचा पंचनामा कुणी करत नाही.

त्याच आठवड्यात, 26 सप्टेंबरला, दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. लिथियम बॅटऱ्या हलवायचं काम सुरू असताना ती पेटली. शेकडो सरकारी सेवा ठप्प झाल्या. बऱ्याच परत आल्या, कारण त्यांच्या प्रती होत्या. 'जी-ड्राइव्ह' मात्र गेला. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल्स ठेवायची ही जागा, साधारण 858 टेराबाइट डेटा. दुसरीकडे प्रत नव्हती. कारण दिलं गेलं की डेटा फार मोठा होता. गंमत बघा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काही ठेवू नका, सगळं जी-ड्राइव्हवरच ठेवा, असं कर्मचाऱ्यांना सांगितलेलं होतं. ज्यांनी नियम नीट पाळला, त्यांचंच जास्त नुकसान.

मला या दोन घटना एकच वाटतात. प्रती किती आहेत यापेक्षा त्या एकमेकींपासून किती लांब आहेत, हे महत्त्वाचं. लॅपटॉपमधले फोटो हार्डडिस्कवर घेतले आणि ती त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, तर पुराच्या हिशेबाने ती एकच प्रत आहे. वरच्या फळीवर ठेवली तर पाण्यापासून वाचेल कदाचित; चोरापासून नाही, आगीपासून नाही, आणि किल्लारीसारखं काही झालं तर मुळीच नाही.

"पण माझं सगळं गुगलवर आहे ना!" आहे, पण दोन गोष्टी तपासा. फुकटची जागा 15 जीबी, आणि तीही जीमेल, ड्राइव्ह, फोटो मिळून. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. जागा भरली की नवीन फोटो वर जाणं थांबतं, आणि नोटिफिकेशन आपण अंगठ्याने सरकवून टाकतो. दुसरं म्हणजे सिंक आणि बॅकअप एक नव्हे. गुगल फोटोजमध्ये फोनवरून फोटो डिलीट केला की तो क्लाउडमधूनही ट्रॅशमध्ये जातो, आणि 60 दिवसांनी कायमचा.

म्हणून मी क्लाउडच्या जोडीला दुसऱ्या गावातली हार्डडिस्क सुचवेन. नांदेडची कितीतरी पोरं शिकायला लातूर-पुण्याला असतात, म्हणजे सोय आयतीच आहे. दोन हार्डडिस्क घ्या. एक घरी, एक पुण्यातल्या मावशीकडे. दिवाळीला घरी येताना तिकडची आणायची, जाताना ताजी भरलेली न्यायची. लातूर चालेल का? काहीच नसण्यापेक्षा नक्की चालेल, पण सप्टेंबरमध्ये दोन्ही जिल्ह्यांवर तेच ढग होते, म्हणून पुणं बरं. दुसऱ्याच्या घरी ठेवताना व्हेराक्रिप्टसारख्या फुकट सॉफ्टवेअरने कुलूप लावा. पासवर्ड डिस्कच्या डबीवर लिहू नका, पण कुठेतरी लिहा, कारण तो विसरला तर डिस्क म्हणजे नुसता पेपरवेट.

सगळंच कॉपी करत बसायची गरज नाही. दहावी-बारावीची मार्कशीट डिजिलॉकरमधून निघते, डिजिटल सहीचा सातबाराही ऑनलाइन मिळतो. सिनेमे तर सोडूनच द्या. जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी: आजीच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, दोन वर्षांच्या हाताने लिहिलेल्या नोट्सचे फोटो, घरातल्या जुन्या कागदांचे स्कॅन. या जुन्या कागदांना कमी लेखू नका. कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समितीला हैदराबादपर्यंत जावं लागलं, कारण निजामाच्या काळातले मराठवाड्याचे कागद तिथे आहेत. बॅकअप म्हणून कुणी ते तिथे ठेवले नव्हते. पण लांब पडून राहिलेला कागद उपयोगाला येतो तो असा.

आणि हार्डडिस्क मावशीकडे द्यायच्या आधी एक काम करा. ती दुसऱ्याच कॉम्प्युटरला लावा, कुठल्याही पाच फाइल्स उघडून बघा. एक फोटो, एक पीडीएफ, एक व्हिडिओ शेवटपर्यंत. नुसती फोल्डरची नावं दिसली म्हणून समाधान मानू नका.