खेळ आपला, किल्ली कंपनीची



कॉम्प्युटरवरचे जुने खेळ हा विषय आपल्यापैकी काहींना पोरकट वाटेल. चाळिशी ओलांडलेल्या, पीएच.डी. झालेल्या माणसाने यावर लिहावे, हे आणखीच. तरीही लिहितो. एका हार्ड डिस्कचे दोन भाग करून एकावर विंडोज ९८ आणि दुसऱ्यावर विंडोज एक्सपी बसवायचे, आणि मशीन सुरू करताना कुठल्यात शिरायचे ते निवडायचे, याला लोक छंद म्हणतात. मला तो छंद वाटत नाही. पैसे देऊन घेतलेली वस्तू वापरण्याचा हक्क गिऱ्हाइकाच्या हातून निसटल्यावर त्याने मागच्या दाराने केलेली ती सोय आहे. आणि ती सोयही आता बंद होत चालली आहे.

आधी ही सोय काय असते ते सांगतो. माझ्याकडे याच कामासाठी ठेवलेला एक जुना डेस्कटॉप आहे. यात क्रम महत्त्वाचा. आधी ९८, मग एक्सपी. उलटे केलेत तर ९८ चा इन्स्टॉलर डिस्कच्या सुरुवातीचा बूट कोड बदलून टाकतो आणि एक्सपी सुरूच होत नाही. ९८ चे पार्टिशन फॅट-३२ हवे, कारण त्याला एनटीएफएस वाचता येत नाही. मेमरी ५१२ एमबीच्या वर गेली की ९८ अडखळू लागते, मग सेटिंगची एक फाइल उघडून कॅशेला हाताने लगाम घालावा लागतो. डिस्क १३७ जीबीपेक्षा मोठी असेल तर वेगळाच घोळ. हे सगळे जमल्यावर पडद्यावर दोन ओळींची यादी येते, बाणाच्या बटणाने एक ओळ निवडायची, आणि १९९८ सालचा खेळ १९९८ सालासारखा चालतो.

एवढा खटाटोप का? कारण २००१ साली एक्सपी आले तेव्हा घरगुती विंडोजचा पायाच बदलला. ९५, ९८ आणि एमई यांच्या पोटात डॉस होते. एक्सपी एनटीच्या पायावर उभे राहिले, आणि थेट साउंड कार्डाशी बोलणाऱ्या खेळांची वाचा बसली. पुढे ६४ बिटांचे विंडोज आले, त्यात १६ बिटांचे प्रोग्राम चालतच नाहीत. २००७ साली व्हिस्टा बाजारात आले, त्याने आवाजाची जुनी हार्डवेअर व्यवस्था काढून टाकली, आणि कितीतरी खेळांतला चहूबाजूंनी येणारा आवाज सपाट झाला. थ्री-डी-एफएक्स ही ग्राफिक्स कार्डांची कंपनी बुडाली, तिच्या ग्लाइड या पद्धतीसाठी लिहिलेले खेळ पोरके झाले. विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्ती निघालीच नाही. आणि नव्या मदरबोर्डांतून जुनी बायोस पद्धत जात चालल्याने त्यांच्यावर ९८ बसवण्याचा प्रश्नच मिटला.

येथे पहिला आक्षेप ठरलेला असतो. तंत्रज्ञान पुढे जाणारच, बैलगाडी द्रुतगती मार्गावर कशी चालणार? मान्य. पायाभूत रचना बदलू नये, असे मी म्हणत नाही. पण बदल वेगळा आणि कुलूप वेगळे. मोडीतला कागद वाचायला मोडी शिकावी लागते. ती अडचण काळाने आणलेली आहे. पण तो कागद उघडायला पेशव्यांच्या दफ्तराचा शिक्का कोणी मागत नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र या दोन अडचणींची मुद्दाम सरमिसळ केली जाते.

पुरावा हवा असेल तर ‘डूम’ हा खेळ घ्या. १९९३ साली आला. १९९७ च्या डिसेंबरात जॉन कारमॅक यांनी त्याचा सोर्स कोड खुला केला, आणि १९९९ साली तो जीपीएलखाली आला. परिणाम असा की डॉस गेले, ९८ गेले, एक्सपी गेले, ‘डूम’ आजही चालतो, आणि त्यासाठी कोणाला डिस्कचे दोन तुकडे करावे लागत नाहीत. आपल्या प्रती विकणे कंपनीने तरीही चालू ठेवले, कारण खुला केला होता तो कोड, चित्रे आणि नकाशे नव्हेत. म्हणजे काळ खेळाला मारत नाही. एका ओळीच्या परवान्याचा अभाव मारतो.

याच्या उलट उदाहरण सेफडिस्कचे. मूळ सीडी ड्राइव्हमध्ये आहे की नाही हे तपासणारी ही यंत्रणा १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून शेकडो खेळांत होती. तिचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असे. २०१५ साली विंडोज १० ने तो घेतला नाही, आणि त्याच वर्षी एका अपडेटने व्हिस्टा, ७ आणि ८ मध्येही तो बंद केला. सुरक्षिततेच्या दृष्टीने निर्णय योग्यही असेल. पण झाले काय? ज्याने दुकानात जाऊन डबा विकत घेतला, पावती जपली, त्याची अस्सल सीडी चालेना. आणि ज्याने कुलूप फोडलेली प्रत उतरवून घेतली, त्याचा खेळ मजेत चालू. प्रामाणिक माणसाला दंड आणि भामट्याला बक्षीस देणाऱ्या या व्यवस्थेला पायरसीविरोधी म्हणायचे!

दुसरा आक्षेप असा: डॉसबॉक्स आहे ना, गॉग आहे ना, मग दोन-दोन सिस्टिम कशाला? डॉसबॉक्स २००२ साली आले, ते उत्तम आहे, आणि ते स्वयंसेवकांनी लिहिले, हे लक्षात ठेवा. २००८ साली पोलंडमधून सुरू झालेल्या गॉगने जुने खेळ विकण्याजोगे आहेत हे दाखवून दिले, आणि त्यातले कित्येक याच डॉसबॉक्सच्या आधारावर चालतात. म्हणजे पैसे घेणाऱ्यांनी जे करायला हवे होते ते फुकट काम करणाऱ्यांनी केले. शिवाय डॉसबॉक्सचा रोख डॉसवर. साधारण १९९७ ते २००३ या काळातले विंडोजचे थ्री-डी खेळ अधांतरी राहतात, आणि तिथेच ती दोन ओळींची यादी लागते. गॉगवर येते तेही फक्त ज्याचा मालक सापडतो आणि ज्यातून चार पैसे सुटतात ते. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्वेशन नेटवर्क यांनी २०२३ साली केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. पुस्तकांचे असे झाले असते तर आपण मोर्चे काढले असते.

पुस्तकांचे तसे होऊ नये म्हणून आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे. भारतात पुस्तक छापले की प्रकाशकाने त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी ठरावीक ग्रंथालयांना द्यायची असते. मुंबईची एशियाटिक त्यांतलीच. प्रकाशकाचे दुकान बंद पडले तरी पुस्तक मरत नाही. सॉफ्टवेअरला असे माहेर नाही. अमेरिकेत तर ग्रंथालयांनी मागणी केली होती, की बाजारातून गेलेले खेळ आम्हाला अभ्यासकांना इमारतीबाहेरूनही पाहू द्या. २०२४ च्या ऑक्टोबरात ती फेटाळली गेली. विरोध खेळ-उद्योगाच्या संघटनेचा, आणि मुद्दा काय, तर लोक अभ्यासाऐवजी मौजेसाठी खेळतील! कादंबरी कोणी मौजेसाठी वाचू नये म्हणून ग्रंथालयाला टाळे लावण्याइतकेच हे शहाणपणाचे आहे.

तिसरा आक्षेप पायरसीचा. आपल्याला हा विषय चांगला ठाऊक आहे. १९९० च्या दशकात पुण्या-मुंबईच्या कॉम्प्युटर क्लासात ‘प्रिन्स’ आणि ‘डेव्ह’ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर पसरले. विकत मिळण्याची सोयच जवळपास नव्हती. आज आपण ऐपतीचे आहोत, पैसे मोजायला तयार आहोत. पण घेणार कोण? कंपनी बुडालेली, हक्क तिसऱ्याकडे, त्याला ते आपल्याकडे आहेत याचाही पत्ता नाही. अमेरिकी कायद्याने कंपनीच्या कामावर प्रकाशनापासून ९५ वर्षे कॉपीराइट. म्हणजे १९९८ सालचा खेळ २०९३ अखेरपर्यंत कुलूपबंद. फ्लॉपी आणि सीडी तोवर टिकतील, असे कोणी शास्त्रज्ञ सांगणार नाही.

आता तर डिस्कचे दोन तुकडे करूनही भागत नाही. स्टीमने २०१९ च्या १ जानेवारीपासून एक्सपी आणि व्हिस्टा सोडले, २०२४ च्या १ जानेवारीपासून विंडोज ७ आणि ८. ज्या सिस्टिमसाठी खेळ लिहिला, विकला, पैसे घेतले, त्याच सिस्टिमवर तो त्या दुकानातून चालवायची वाट बंद. २०२४ च्या मार्चअखेर युबिसॉफ्टने ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले, तेव्हा एकट्याने खेळणाऱ्यांचाही खेळ संपला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, आणि युरोपात तिच्यामागे दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दुकानाला सांगावे लागते, की तुम्ही वस्तू नव्हे, परवाना घेत आहात. फसवणूक थांबवा, असे कायदा म्हणत नाही. फसवणुकीवर लेबल लावा, म्हणतो.

“अहो, पण खेळच तर आहेत!” हा शेवटचा आक्षेप. म्हणूनच तर खेळांकडे लक्ष द्यायला हवे. जे खेळांचे झाले ते इतर सगळ्याचे होते. आमच्या प्रयोगशाळेत एक मोजमापाचे उपकरण आहे. यंत्र ठणठणीत. पण त्याचे सॉफ्टवेअर फक्त एक्सपीवर चालते, आणि बनवणाऱ्यांनी नवे लिहायला नकार देऊन नवे यंत्र घ्या, असे सुचवले. आम्ही नेटवर्कपासून तोडलेला एक्सपीचा कॉम्प्युटर त्याच्याशी जोडून ठेवला आहे. जुने मोजमाप पुन्हा तपासणे हा विज्ञानाचा प्राण, आणि तो आज एका म्हाताऱ्या हार्ड डिस्कवर टांगलेला आहे. मराठीचेही तेच. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक डीटीपी पॅकेजच्या फॉन्टचे संकेत वेगळे होते. त्या काळात जुळवलेल्या पुस्तकांच्या आणि अंकांच्या फाइली आज उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. त्या वाचायला तेच पॅकेज आणि बऱ्याचदा तीच जुनी सिस्टिम लागते. खेळांसाठी डिस्कचे दोन भाग करणारी पोरे आणि मराठी अक्षर वाचवू पाहणारा संपादक एकाच दारावर डोके आपटत आहेत.

मागणी साधी आहे. एक, कंपनीने एखाद्या सॉफ्टवेअरची विक्री आणि आधार दोन्ही थांबवले की ठरावीक वर्षांनी त्याची प्रत काढणे आणि त्याचे कुलूप उघडणे हा गुन्हा राहू नये. दोन, प्रत्येक प्रकाशित सॉफ्टवेअरची कुलूप नसलेली एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात जमा व्हावी. तीन, सर्व्हर बंद करताना त्याशिवाय चालणारी आवृत्ती गिऱ्हाइकाला देणे बंधनकारक असावे. यात कोणाच्या चालू धंद्याला धक्का नाही.

आपल्यातले अनेक जण याच उद्योगात आहेत, कोड लिहितात, परवान्यांच्या मसुद्यांवर सह्या करतात. आपापल्या कंपनीत हा प्रश्न विचारता येईल. अमेरिकेत कुलूप उघडण्याच्या सवलतींचा फेरविचार दर तीन वर्षांनी होतो. पुढचा २०२७ साली आहे, आणि त्या वेळी नागरिकांची मते मागवली जातात. उद्योगाचे वकील तिथे न चुकता हजर असतात. आपण व्हिसाच्या नियमांवर तासन् तास बोलतो, पाच परिच्छेदांचे एक पत्र लिहायला हरकत नसावी.

मतभेद असतील तर जरूर कळवा. फक्त “नवा कॉम्प्युटर घ्या” एवढेच उत्तर पाठवू नका. ते कंपनीने आधीच पाठवले आहे.