द्राक्षमळ्यातले लग्न आणि लेकीचा वाटा

तुळशीचे लग्न लागले की नाशिकच्या पश्चिमेकडील रस्त्यांवर शुक्रवारी दुपारपासून मुंबईच्या मोटारी दिसू लागतात. गंगापूर धरणाच्या जलाशयाभोवती आणि दिंडोरीच्या अंगाला द्राक्षाचे मळे पूर्वीपासून आहेत. त्यांपैकी काहींना लागून गेल्या पंचवीस वर्षांत वाइनचे कारखाने उभे राहिले, कारखान्यांच्या शेजारी अतिथिगृहे आली आणि आता त्या अतिथिगृहांच्या हिरवळीवर विवाह लागतात. वधूचे गाव नाशिक नसते आणि वराचेही नसते. गोदावरीचे खोरे, पलीकडचे डोंगर, मावळतीला चमकणारे पाणी आणि तारेवर चढवलेले वेल एवढे छायाचित्रात यावे, म्हणून दोन्ही घरांचे आप्त दोन रात्रींसाठी येथे आणले जातात. समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून हा प्रवास आणखी सोपा झाला आहे.

अशा विवाहाची आखणी पाहण्यासारखी असते. पूर्वी मुहूर्त पंचांगातून निघे. येथे तो वेलीवरून काढावा लागतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि मळा बोडका दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते, तेव्हा तो पुन्हा बोडका होतो. डिसेंबरात पानोरा भरतो आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत घड पिकून काढणी चालते. घडांनी लगडलेला वेल मागे हवा असेल, तर पौष वर्ज्य मानणाऱ्या घरांना माघ-फाल्गुनाचे मोजके दिवसच उरतात. त्या दिवसांसाठी खोल्या वर्षभर आधी अडवाव्या लागतात. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होणार, म्हणून वरात दुपारीच काढायची. मद्य वाटायचे तर उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना काढायचा. (तेच खाते पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर मोहाची दारू गाळणाऱ्याला पकडून नेते. परवान्याचा अर्ज कोठे मिळतो, हे त्याला कोणी सांगत नाही.) फुले, दिवे, मांडव, भोजन, छायाचित्रे हे सारे एका व्यवस्थापकाच्या हाती सोपवायचे आणि हिशेबाचा एकच आकडा मान्य करायचा.

नेमक्या याच आठवड्यांत गिरणारे येथे पहाटे मजुरांचा बाजार भरतो. पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकेश्वर या भागांतून उतरलेली आदिवासी कुटुंबे रस्त्याच्या कडेला उभी राहतात, बागाईतदार येतात, रोजाचा भाव ठरतो आणि टेम्पो भरून मळ्याकडे जातात. छाटणी, विरळणी आणि काढणी यांच्याच हातांनी होते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेलेल्या हजारो शेतकऱ्यांत याच तालुक्यांतील माणसे मोठ्या संख्येने होती. ती वनजमिनीचे पट्टे मागत होती. त्यांचे रक्ताळलेले तळवे पाहून मुंबईकरांनी पाणी आणि चपला आणून दिल्या, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. ज्यांच्या श्रमाने मळा छायाचित्रात शोभतो, ती माणसे मात्र सायंकाळचा मंगलाष्टकांचा गजर सुरू होण्याआधी आवारातून बाहेर गेलेली असतात.

या विवाहांवर टीका करताना सोपे आरोप टाळले पाहिजेत. पाण्याचा प्रश्न पुढे करण्याचा मोह होतो. गंगापूर धरण सार्वजनिक पैशातून बांधले गेले आणि १९६५ मध्ये पूर्ण झाले. नाशिक शहर त्याचे पाणी पिते. खाली पैठणच्या जायकवाडीत १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे, असा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २०१४ चा आदेश आहे आणि २०२३ मध्ये त्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा पुन्हा समोरासमोर उभे राहिले होते. हे सारे खरे आहे. तरीही एका लग्नात जळणारे पाणी मराठवाड्याची तहान ठरवीत नाही. ठिबकवरची द्राक्षे उसाच्या मानाने कितीतरी कमी पाणी पितात. ज्यांना पाण्याविषयी बोलायचे आहे, त्यांनी उसाविषयी बोलण्याचे धैर्य आधी दाखवावे.

रोजगाराचा युक्तिवादही झटकून टाकता येणार नाही. माळी, स्वयंपाकी, वाहनचालक, खोल्या आवरणाऱ्या स्त्रिया यांना येथे काम मिळते आणि गावातल्या तरुणाला शेतीबाहेर चार पैसे दिसतात. प्रश्न त्या कामाच्या स्वरूपाचा आहे. वाढपी ठेकेदारामार्फत एका रात्रीपुरता आणलेला असतो, मध्यरात्रीनंतर घरी कसे जायचे ही त्याची विवंचना त्याच्यापाशीच राहते आणि सजावटीचा मोठा पैसा जसा मुंबईहून येतो तसा मुंबईला परत जातो. गावातल्या लग्नाचा पैसा गावात फिरत असे, हे म्हणणे बरोबर आहे. पण त्या लग्नाचे गोडवे गाताना पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसत होत्या, बलुतेदाराला मानपान म्हणून जे मिळे ते त्याच्या कामाचे दाम नव्हते आणि हुंड्याचा व्यवहार त्याच मांडवात पुरा होई, हेही सांगितले पाहिजे. जुन्या मांडवात परत जाणे हा मार्ग नाही.

सरकारची भूमिका मात्र निखालस पक्षपाती आहे. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने वाइन कारखान्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली. पुढे मूल्यवर्धित कराच्या परताव्याची योजना आली. शेतकऱ्याला हमखास गिऱ्हाईक मिळेल, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. २००८ नंतर मंदी येताच वाइनच्या द्राक्षांना उठाव राहिला नाही आणि अनेकांनी आपल्या हातांनी मळे तोडले. सवलत कारखान्याला आणि जोखीम शेतकऱ्याला, असा तो वाटप ठरला. २०२३ साली पंतप्रधानांनी धनिकांना परदेशाऐवजी भारतातच लग्ने करण्याचे आवाहन केले. अन्नटंचाईच्या काळात पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारे आदेश याच देशात निघत असत. आता उधळपट्टीला देशभक्तीचे प्रशस्तिपत्र मिळाले आहे.

परंतु या लग्नांचा खरा परिणाम अतिथिगृहाच्या कुंपणाबाहेर होतो. निफाड, दिंडोरी, चांदवड येथला तीन-चार एकरांचा बागाईतदार तेथे लग्न करू शकत नाही. तो हमरस्त्यावरचे लॉन्स घेतो. मुलगा-मुलगी लग्नाआधी कोणाच्या तरी मळ्यात भाड्याच्या कपड्यांत छायाचित्रे काढून घेतात. कित्येकदा त्या मुलीच्या बापाच्या घरी स्वतःचा मळा असतो, पण त्यात औषध फवारणीचे पंप पडलेले असतात आणि तो छायाचित्रात बरा दिसत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस अवकाळी पाऊस आणि गारपिटीने या तालुक्यांतील द्राक्षबागा झोडपल्या. ज्या घरी त्या हंगामात लग्न ठरले होते, तेथे पाहुण्यांची यादी कमी करण्याची सूचना करण्यास घरातला कोणीही धजावला नसेल, हे समजण्यास फार कल्पना लढवावी लागत नाही. सोसायटीचे कर्ज, व्यापाऱ्याची उचल आणि सोनाराची उधारी यांतून ते लग्न उभे राहते. २०२५ मध्ये अहिल्यानगरला मराठा समाजाच्या बैठकीत साध्या विवाहाची आचारसंहिता ठरवण्यात आली, ती याच तगमगीतून. जातीच्या बैठकीने हा विषय घेतला आणि पुरोगामी पक्षांनी तो घेतला नाही, ही गोष्ट या पक्षांना भूषणावह नाही.

त्या आचारसंहितेत आणि एकूणच साधेपणाच्या उपदेशात एक गोष्ट राहून जाते. एवढा खर्च बाप का करतो? हौस आणि प्रतिष्ठा ही उत्तरे अपुरी आहेत. मुलीचे लग्न थाटात करून दिले, म्हणजे तिचे देणे फिटले, असा हिशेब प्रत्येक शेतकरी घरात न बोलता मांडलेला असतो. वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, केंद्राने ती २००५ मध्ये देशभर लागू केली आणि २००५ पूर्वी वडील वारले असले तरी मुलीचा हक्क बुडत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. कायदा इतका स्पष्ट झाला. व्यवहारात काय होते? वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद होते, बहिणींची नावे सातबाऱ्यावर येतात आणि थोड्याच दिवसांत भाऊ बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन जातो. नाममात्र मुद्रांकावर हक्कसोड पत्र होते. सही करताना बहिणीला एकच वाक्य ऐकवले जाते, की तुझ्या लग्नात काय कमी केले होते? माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. लॉन्सचे भाडे, घोडा, आतषबाजी आणि हजार पानांची पंगत या सर्वांची वसुली अशी होते.

नाशिक जिल्ह्यात द्राक्षबागेच्या एकरी किमती काय झाल्या आहेत, हे गावोगावच्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. धरणाच्या पाण्याकडे तोंड करून असलेल्या जमिनीला तर आता पिकापेक्षा दृश्याचा भाव येतो. जमीन जितकी महाग, तितकी बहिणीची सही मोलाची. म्हणजे ज्या खोऱ्याचे सौंदर्य विकून हे विवाह-पर्यटन उभे राहत आहे, त्याच खोऱ्यात ते लेकींना वाट्यापासून आणखी दूर लोटत आहे. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून दिला होता. त्या संघटनेच्या अर्थकारणाशी समाजवाद्यांचे मतभेद राहिले, तरी तो कार्यक्रम कोणाही समाजवाद्याने आपला म्हणावा असा होता. लेकीच्या बाबतीत तेवढेही कोणी केलेले नाही.

जोतीराव फुल्यांनी डिसेंबर १८७३ मध्ये भटजीवाचून पहिले सत्यशोधक लग्न लावले, त्याला दीडशे वर्षे होऊन गेली. त्या लग्नाचा उल्लेख सभांतून नेहमी होतो. कार्यकर्त्यांच्या घरच्या लग्नपत्रिका पाहिल्या तर त्याची आठवण क्वचितच होते. जिल्ह्याच्या नेत्यांच्या घरची लग्ने कोणत्या लॉन्सवर झाली, स्वागताला किती आमदार उभे होते, हे गावातला मजूर पाहत असतो आणि मजुरीच्या सभेत पुढे बसण्याआधी त्याला ते आठवत असते.

विवाहाची कायदेशीर नोंद १९९८ च्या महाराष्ट्र अधिनियमाप्रमाणे गावातही होते. तेथे ग्रामसेवक निबंधकाचे काम पाहतो. द्राक्षमळ्यात दोन रात्री घालवलेल्या जोडप्यालाही अखेर अशाच एखाद्या नोंदवहीपाशी यावे लागते. यंदाच्या तुळशीच्या लग्नाआधी दिंडोरी, निफाड, चांदवड आणि नाशिक तालुक्यांच्या शाखांनी बैठका घ्याव्यात. त्यांत कार्यकर्त्यांच्या घरी ठरलेल्या लग्नांची चर्चा नावे घेऊन व्हावी आणि ज्या घरातल्या बहिणींनी हक्कसोड पत्रे करून दिली आहेत, त्या घरांपासून सुरुवात व्हावी. गिरणाऱ्याच्या बाजारात रोजाच्या भावाबरोबर परतीच्या वाहनाची आणि रात्रपाळीच्या जादा दामाची मागणी लावून धरण्याचे काम त्याच बैठकांत वाटून घेता येईल. ज्या कार्यकर्त्यांच्या मुलींची लग्ने या हंगामात आहेत, त्यांना शाखेने प्रथम एवढेच विचारावे, की वारसनोंदीच्या वेळी तिचे नाव सातबाऱ्यावर लागेल आणि तेथेच राहील, असे घरात ठरले आहे की नाही. मांडव कोठे घालायचा, हे त्यानंतर विचारावे.