फुलेरा पाहिले, दोराहा राहिले

सुट्टीत कुठे जाऊन आलात, असे आम्ही विचारले की हल्ली काही मुले ‘फुलेरा’ असे सांगतात. २०२० साली सुरू झालेल्या ‘पंचायत’ मालिकेतील हे गाव कथेत उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यात आहे. चित्रीकरण मात्र आपल्या शेजारच्या सीहोर जिल्ह्यातील महोडिया येथे झाले. मुले पंचायत भवनापुढे फोटो काढून परततात. आमची हरकत नाही. फक्त ते लोकांचे राहते गाव आहे, याचे भान असावे.

याच जिल्ह्यात दोराहा आहे. भोपाळच्या लढाईनंतर, जानेवारी १७३८ मध्ये, पहिल्या बाजीरावांनी निजामाशी तह केला तो येथेच. त्यात निजामाने माळव्यावरील मराठ्यांचा हक्क मान्य केला. ‘बाजीराव मस्तानी’ आपण घरोघरी पाहिला; दोराहा किती जणांनी पाहिले? विद्यालयाची सहल तेथे आम्हीही कधी नेली नाही, ही चूक आमचीच.

यंदाची सहल दोन्ही गावी न्यावी, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. पालकांनी संमती द्यावी. मुलांनो, येताना फोटोबरोबर दोन पाने लिहूनही आणा.