हवेतले पाणी

मराठीत 'सादळणे' असे एक फार सोयीचे क्रियापद आहे. पापड सादळतो, चिवडा सादळतो, काडेपेटीतल्या काड्या सादळतात, आणि श्रावणात भजनी मंडळाचा पखवाजही सादळतो. हवेतले पाणी वस्तूत शिरले, एवढे सगळे त्या एका शब्दात आले. पण हा शब्द सगळीकडे सारखा खपत नाही. मुंबईहून दिवाळीला आलेल्या सुना फराळाच्या डब्याचे झाकण दहा वेळा दाबून पाहतात. आमच्या धाराशिवच्या सासूबाई मात्र फेब्रुवारीत चकल्यांचा डबा अर्धवट उघडा टाकून खुशाल कीर्तनाला जातात, आणि चकली तशीच कुरकुरीत राहते. मुंबईच्या हवेत पाणी आहे, आमच्या हवेत ते फारसे नाही. ही गोष्ट घरातल्या बायकांना डब्याच्या झाकणावरून कळते. पण सध्या बाजारात आलेले एक यंत्र विकणाऱ्यांना आणि विकत घेणाऱ्यांना ती नेमकी विसरायला होते.

हे यंत्र हवेतून पिण्याचे पाणी काढते. नळ नको, विहीर नको, टँकर नको. विजेची पिन लावायची आणि खालची तोटी सोडायची. कचेरीत ठेवायची कपाटाएवढी यंत्रे आहेत, ओट्यावर बसतील अशी आहेत, आणि हातात धरून प्रवासाला नेता येतील अशीही निघाली आहेत. ज्या जिल्ह्यात नळाला पाणी कधी येणार याची बातमी गल्लीत लग्नाच्या बातमीसारखी फिरते, त्या जिल्ह्यात अशा यंत्राचे नाव ऐकून कान टवकारले तर नवल नाही.

यात जादू काही नाही. उन्हाळ्यात बर्फाचे पाणी तांब्यात घाला. पाच मिनिटांत तांब्याला बाहेरून घाम फुटतो. तो घाम हवेचा. गार धातूला हवा टेकली की तिला आपल्यातली वाफ सांभाळता येत नाही, ती तिथेच थेंबाथेंबाने खाली ठेवते. इथे पुष्कळांची गल्लत होते. माठही बाहेरून ओला दिसतो, पण माठाचा ओलावा आतून पाझरलेला असतो. तो उडून जाताना माठातले पाणी गार करतो. थोडक्यात, माठ हवेला पाणी देतो आणि तांब्या हवेकडून घेतो. धाराशिवजवळचे तेर हे संत गोरोबाकाकांचे, म्हणजे कुंभाराचे गाव. आमच्या मुलखाने तांब्या सोडून माठच का जवळ केला, याचे उत्तर त्या कोरड्या हवेत आहे. कोकणात माठ पाणी तितके गार करीत नाही.

यंत्र म्हणजे तो घाम फुटलेला तांब्याच. आत फ्रिजसारखी गार नळी असते, पंखा तिच्यावर हवा फेकतो, थेंब टाकीत गोळा होतात, मग ते गाळून त्यांत थोडे क्षार मिसळतात.

माझ्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांचा मुलगा मुंबईला नोकरी करतो. आईवडिलांनी विकतच्या पाण्याचे वीस लिटरचे जार उचलत बसू नये, म्हणून मागच्या एका दिवाळीला त्याने ओट्यावर बसणारे असे एक यंत्र आणले. 'दिवसाला दहा लिटर' असे खोक्यावर ठळक छापले होते. पाऊस नुकताच सरला होता, पहाटे गवतावर दव पडत होते. यंत्राने पहिल्या रात्रीत तीन-साडेतीन लिटर पाणी दिले. काकूंनी पहिला पेला देवापुढे ठेवला. हे पाणी ना नदीचे, ना विहिरीचे, ते देवाला चालते की नाही यावर गुरुजींशी त्यांचा बराच वाद झाला, आणि "पाऊस तरी दुसरा कुठून येतो?" या गुरुजींच्या वाक्यावर तो मिटला. होळीपर्यंत यंत्र दिवसाला लिटरभरावर आले. चैत्रात त्याची घरघर दिवसभर चाले आणि संध्याकाळी तळाला पेलाभर पाणी दिसे.

पुढची गोष्ट मला काकूंनी सांगितली. मुलगा रविवारी फोनवर चित्रासह बोलायचा. "बाबा, मशीन दाखवा," म्हणायचा. मुलगा हौसेने आणून गेला, त्याला वाईट वाटू नये, म्हणून गुरुजी शनिवारी रात्रीच जारमधले पाणी त्या टाकीत ओतून ठेवीत. चाळीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवलेला माणूस! मी एकदा विषय काढला, तेव्हा म्हणाले, "सर, त्यानं आठवण ठेवून आणलं, ते खरंच आहे ना? मग पाणी कुठलं, याची चौकशी कशाला?" यावर मला काही बोलता आले नाही. पण मी ते खोके मागून घेतले आणि बाजूवरची बारीक अक्षरे वाचली. दहा लिटरांच्या पुढे लिहिले होते: तापमान ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. ही तर पावसाळ्यातली मुंबई झाली. मुलाने यंत्र तिथेच चालवून पाहिले होते आणि ते तिथे उत्तम चालले होते. कोणी कोणाला फसवले नव्हते. धाराशिवचा चैत्र तेवढा त्या खोक्यावर नव्हता.

मी भाषेचा माणूस, तरी एक हिशेब मांडून पाहिला. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच अशी खोली घ्या. मुंबईत मे महिन्यात ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता धरली, तर त्या खोलीच्या हवेत सुमारे ७०० ग्रॅम पाणी असते. यंत्राने हवा पाच अंशांपर्यंत गार केली, तर त्यातले अर्धा लिटर हाती येते. तीच खोली धाराशिवला आणा. दुपारचे तापमान ४० अंश, आर्द्रता २० टक्के. हवेत पाणी आहे तीनशे ग्रॅमच्या आत, आणि पाच अंशांवरची हवाही दोनशेच्या आसपास आपल्यापाशी ठेवून घेते. हाती येते शंभर ग्रॅम, म्हणजे एक कप चहा. लिटरभर पाण्यासाठी मुंबईत दोन खोल्यांची हवा पुरते, आम्हाला दहा खोल्यांची लागते. आणि ती दहा खोल्यांची हवा चाळीस अंशांवरून पाचावर आणायची, याचे वीजबिलही आम्हीच भरायचे. कोरड्या मुलखात या यंत्राची बहुतेक वीज हवा गार करण्यातच खर्च होते. पाण्याच्या वाट्याला थोडी येते.

हातात नेण्याच्या यंत्रांची गोष्ट आणखी अवघड. २०१४ साली व्हिएन्नाच्या क्रिस्टोफ रेटेझार या तरुण डिझायनरने सायकलला लावायची एक बाटली दाखवली. सौरपट्टीवर चालणारी, हवा अनुकूल असली तर तासाला अर्धा लिटर पाणी देईल अशी. कल्पना मोठी सुंदर. पण वाफेचे पाणी व्हायचे तर वाफेतली उष्णता कुठेतरी काढून टाकावी लागते. लिटरभर पाण्यामागे ती किती? नरकचतुर्दशीला आपण पंधरा लिटरची बादली विशीच्या गारठ्यावरून साठ अंशांपर्यंत तापवतो, तिला लागते जवळजवळ तेवढी. अर्ध्या बादलीची ही उष्णता तासाभरात उपसायची, आणि तीही तळहाताएवढ्या सौरपट्टीच्या जोरावर! प्रवासी यंत्र विकत घ्यायला निघालेल्यांनी ही बादली डोळ्यांपुढे ठेवावी.

मुंबईत मात्र या यंत्रांना काम मिळाले. २०२२ साली मध्य रेल्वेने सहा स्टेशनांवर अशी सतरा यंत्रे बसवायला परवानगी दिली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी आणि ठाणे. आपली बाटली नेली तर लिटरला बारा रुपये, असा तेव्हाचा दर. यंत्राचे नाव 'मेघदूत'. नाव ठेवणाऱ्याच्या रसिकतेला दाद द्यायला हवी. फक्त आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना त्यात एक बोच जाणवते. कालिदासाचा मेघ रामगिरीवरून, म्हणजे आपल्या रामटेकवरून असे महामहोपाध्याय मिराशी मानीत, जो निघाला तो उत्तरेला अलकानगरीकडे. आमच्याकडे त्याने मान वळवूनही पाहिले नाही. आताचा हा मेघदूतही दादरला थांबला.

दादरला तो वाईट आहे असे नाही. समुद्राकाठच्या शहरात, गर्दीच्या फलाटावर, प्लॅस्टिकची नवी बाटली न घेता कोणाची तहान भागत असेल तर चांगलेच आहे. पण 'दुष्काळावर उपाय' म्हणून कोणी ही यंत्रे आमच्या गावी आणू लागला, तर त्याला मी २०१६ चा एप्रिल आठवायला सांगेन. लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते. मिरजेहून रेल्वेने पाणी निघाले. १२ एप्रिलला पहिली गाडी पोहोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर नेऊ लागली. ती आमच्या स्टेशनावरून लातूरकडे जाई, आणि आमचा जिल्हाही तेव्हा टँकरवरच होता. एका खेपेचे पाणी दिवसाला दहा लिटरच्या यंत्रांतून काढायचे तर अडीच लाख यंत्रे लागतील, तीही मुंबईची हवा सोबत घेऊन आलेली.

कोरड्या मुलखाला साजेसे यंत्र आपल्याकडे झालेच नाही असे मात्र नाही. गावोगावचा हापसा पाहा. जालन्याच्या मिशनमध्ये एक मजबूत हातपंप तयार झाला, सोलापुरात त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली, आणि १९७० नंतरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्या सोलापुरी पंपावरून 'इंडिया मार्क दोन' हा हापसा घडला. तो पुढे आफ्रिकेपर्यंत गेला. त्याच्या दांड्याला लोंबकळत आमच्या दोन पिढ्या वाढल्या. पाणी खोल गेले तेव्हा तो कोरडा पडला, हा दोष त्याचा नव्हे.

हवेतल्या पाण्याचेही आमच्या शेतकऱ्याला काही नवे नाही. हरभरा घाटे धरू लागला की रात्री त्याच्यावर धुतलेले पातळ फडके अंथरतात. रोपावरची आंबट लव आणि रात्रीचे दव दोन्ही त्या फडक्यात उतरतात. पहाटे ते पिळून बाटलीत भरले की झाली 'आंब'. पोटदुखीवर अजूनही घरोघर ती जपून ठेवतात. ना वीज, ना पंखा. फडके रात्रभर ओले होते आणि सकाळी पिळायचे. आश्चर्य असे, की या विषयातले सगळ्यात नवे संशोधन याच वाटेने चालले आहे.

२०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या तिघांना मिळाले. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू यांचे सांधे जोडून त्यांनी असे स्फटिक बांधले, की त्यांच्या आत पोकळ्याच पोकळ्या. दोन-चार ग्रॅम भुकटीतल्या पोकळ्यांच्या भिंती उलगडल्या तर फुटबॉलचे मैदान झाकेल. अशी भुकटी कोरड्या हवेतही रात्री सादळते, आणि उन्हात ठेवली की घेतलेले पाणी सोडते. हवा गार करण्याचा खटाटोपच नको! याघींचे लहानपण जॉर्डनमध्ये अम्मानला, निर्वासितांच्या घरात गेले. तिथे नळाला पाणी आठवड्या-दोन आठवड्यांनी काही तास येई, आणि तेवढ्यात घरातली सगळी भांडी भरून घ्यावी लागत. हे वाचले तेव्हा मला त्या नोबेलवाल्यात आमच्या गल्लीतला एखादा पोरगा दिसला. २०१९ साली त्यांच्या गटाने अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात किलोभर भुकटीमागे दिवसाला सुमारे पाऊण लिटर पाणी काढले, तेही दहा टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेत. पाच माणसांच्या घराला प्यायला-शिजवायला पंधरा लिटर धरले, तर वीस-बावीस किलो भुकटी हवी. घरोघरी येण्याइतकी ती अजून स्वस्त झालेली नाही.

तोवर गुरुजींच्या घराचा हिशेब मी वेगळ्या रीतीने केला. त्यांचा स्लॅब पाचशे चौरस फुटांचा. आमच्याकडे बऱ्या वर्षी सहा-सातशे मिलिमीटर पाऊस होतो. सहाशे धरला तरी त्या स्लॅबवर जवळजवळ अठ्ठावीस हजार लिटर पाणी पडते आणि पन्हाळीतून गटारात जाते. दोन माणसांना प्यायला-शिजवायला दिवसाला सहा लिटर लागतात. आठ कोरड्या महिन्यांचे झाले साडेचौदाशे लिटर. तेवढी एक झाकणाची टाकी, पन्हाळीला पाइप, मध्ये वाळू-कोळशाची गाळणी, आणि पहिल्या दोन पावसांचे पाणी वाहून जाऊ द्यायचे. प्यायच्या आधी उकळायचे. गुरुजींनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आहे. मुलाशी यंत्राविषयी बोलायचे धाडस त्यांना अजून झालेले नाही. पण टाकी घ्यायची आहे, पैसे तू दे, असे म्हणायला हरकत नसावी, असे काकूंचे मत पडले.