हैतीची खतावणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढ्यांवर नव्या चोपड्या मांडतात, त्यांवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, 'शुभ' आणि 'लाभ' लिहिले जाते. जुन्या चोपडीकडे त्या दिवशी कोणी पाहत नाही. मी मात्र आज एक जुनीच चोपडी घेऊन आपल्या दाराशी आलो आहे. करंजीचा घास तोंडात असताना या मास्तराला कुठली अवदसा आठवली, असे वाचकांना वाटेल. पण त्या चोपडीचे पहिलेच पान साखरेचे आहे.

निमित्त घडले ते वर्गात. जगाच्या नकाशावर क्यूबाशेजारच्या बेटावर छडी ठेवून मी सवयीने म्हणालो, ''हा हैती. पश्चिम गोलार्धातील सर्वांत गरीब देश.'' या देशाचे नाव घेतले की आडनावासारखे हे वाक्य मागोमाग येतेच. मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला. ''गुरुजी, त्यांना कुणी लुटलं का?'' वर्ग हसला. मीही हसलो, आणि त्याला खाली बसवले. रात्री त्या हसण्याची लाज वाटली. पोराने नेमका प्रश्न विचारला होता, आणि वीस वर्षे भूगोल शिकवणाऱ्याला तो कधी सुचला नव्हता.

तर ऐका. अठराव्या शतकाच्या अखेरीस या भूमीला सँ-दोमँग म्हणत आणि ती फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत होती. युरोपात खपणाऱ्या साखरेचा सुमारे चाळीस टक्के आणि कॉफीचा निम्म्याहून अधिक भाग इथून जाई. ती पिकवीत आफ्रिकेतून साखळदंडांनी बांधून आणलेली माणसे. जवळजवळ पाच लाख. त्यांतली कितीतरी आल्यापासून थोड्याच वर्षांत मरत, आणि मेलेल्यांच्या जागी जहाजातून नवी येत. १७९१ च्या ऑगस्टमध्ये या माणसांनी बंड केले. नेपोलियनने त्यांना पुन्हा जोखडात घालण्यासाठी प्रचंड सैन्य धाडले. त्यांचा पुढारी तूसँ लूव्हेर्त्युर याला कपटाने पकडून फ्रान्समधल्या एका थंड किल्ल्यात कोंडले. तो १८०३ च्या एप्रिलमध्ये तिथेच मेला. पण त्याच साली नोव्हेंबरात नेपोलियनची फौज हरली, आणि १ जानेवारी १८०४ रोजी गुलामांनी स्वतःचे राष्ट्र उभे केले. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवले. हैतीच्या माणसांना कोणी सोडवले नव्हते. ती आपली आपण सुटली होती. हाच त्यांचा गुन्हा ठरला.

आता चोपडीचे दुसरे पान. १८२५ साली फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याचा फतवा घेऊन एक सरदार हैतीला आला. मागे चौदा लढाऊ जहाजे, त्यांवर पाचशेहून अधिक तोफा. फतवा असा, की तुमचे स्वातंत्र्य मान्य करू. मात्र आमच्या मळेवाल्यांचे जे नुकसान झाले त्यापोटी पंधरा कोटी फ्रँक भरा, दरसाल तीन कोटी, पाच हप्ते. वाचकहो, हे 'नुकसान' म्हणजे काय, हे जरा शांतपणे पाहा. मळ्यांत राबणारी माणसे हीच मळ्याची मुख्य मालमत्ता होती. म्हणजे पळून गेलेल्या बैलाने धन्याच्या दारी यावे आणि स्वतःची बाजारातली किंमत रोख मोजावी! चोर तो चोर आणि वर शिरजोर म्हणतात, त्याला निदान तोफा लागत नाहीत.

पैसा कुठून आणायचा? पहिला एकच हप्ता सरकारच्या सालाच्या उत्पन्नाच्या कितीतरी पट होता. तेव्हा पॅरिसच्याच सावकारांकडे जायचे. त्यांनी तीन कोटींचे कर्ज लिहून घेतले आणि हातावर ठेवले दोन कोटी चाळीस लाख. साठ लाख आधीच कापून घेतले. आपल्याकडच्या कुळाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. खंडणीची खंडणी आणि तिच्यावर कर्जाचे व्याज. फेडता येईना तेव्हा १८३८ साली एकूण रक्कम नऊ कोटींवर आणली, म्हणून उपकारही मानायचे! ही नऊ कोटी कॉफीच्या प्रत्येक पोत्यावरच्या जकातीतून, म्हणजे डोंगरातल्या शेतकऱ्याच्या पाठीवरून गेली. शाळा, रस्ते, दवाखाने यांच्या वाट्याला उरले काय?

१८८० साली देशाला 'राष्ट्रीय बँक' मिळाली, तीही पॅरिसमधल्या एका बँकेने काढलेली. त्याच बँकेचा पैसा आयफेल मनोऱ्यालाही लागला. लोक त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढतात, काढोत बापडे. पुढे सावकार बदलला. १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या खलाशी शिपायांनी हैतीच्या बँकेतून पाच लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले, आणि १९१५ पासून १९३४ पर्यंत तो देशच ताब्यात ठेवला. जुन्या कर्जासाठी नवे कर्ज, या साखळीची शेवटची कडी तुटली १९४७ साली. आपण स्वतंत्र झालो ते साल.

आमचे एक सहकारी शिक्षक हे सगळे ऐकून म्हणाले, ''अहो, पण यांचेच राज्यकर्ते चोर निघाले त्याचे काय?'' निघाले, कबूल. दुव्हालिए बापलेकांनी १९५७ ते १९८६ देश ओरबाडून खाल्ला. त्यांची वकिली मी करणार नाही. पण ज्या घरात सव्वाशे वर्षे रोज जप्तीचा कारकून येतो, त्या घरातली पोरे मोठी होऊन दिवाळखोर निघाली, तर 'यांच्या रक्तातच हे आहे' असे कोण म्हणू लागते? जप्ती करणाराच. खरे दुखणे इथे आहे. पैसे नेले ते नेले, वर 'तुम्ही राज्य करायच्या लायकीचे नाही' हे प्रमाणपत्रही लिहून ठेवले, आणि आपण काळी माणसेही ते वर्गात मोठ्याने वाचतो! १८५७ चे बंड मोडण्याचा खर्च इंग्रजांनी हिंदुस्थानच्याच नावावर कर्ज म्हणून टाकला होता, हे तरी आपल्याला विसरायला नको होते. खुद्द इंग्लंडने १८३३ साली गुलामगिरी उठवताना दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली, ती मालकांना. गुलामाला दमडी नाही. त्या कर्जाची अखेरची फेड ब्रिटिश करदात्यांनी २०१५ साली केली.

२००३ साली हैतीचे अध्यक्ष आरिस्तिद यांनी फ्रान्सपुढे हिशेब मांडला: २,१६८ कोटी ५१ लाख ३५ हजार ५७१ डॉलर आणि ४८ सेंट. त्या ४८ सेंटांची युरोपात थट्टा झाली. सावकाराने पै न् पै मोजली की तो हिशेबी, कुळाने मोजली की हास्यास्पद. पुढच्याच साली फेब्रुवारीच्या अखेरीस आरिस्तिद अमेरिकेच्या विमानातून देशाबाहेर गेले. मागणीही गेली.

मागच्या बाकावरच्या त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी उभे केले आणि वर्गासमोर सांगितले, ''तू बरोबर विचारलंस. लुटलं.'' त्याने लगेच विचारले, ''मग परत दिलं का, गुरुजी?'' मी त्याला खरे ते सांगितले. फतव्याला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, १७ एप्रिल २०२५ रोजी, फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांनी अन्याय झाल्याचे मान्य केले आणि दोन्ही देशांतल्या इतिहासकारांचे एक मंडळ नेमत असल्याचे जाहीर केले.

''आणि पैसे?''

पैशांबद्दल ते काही बोलले नाहीत, असे मी म्हणालो. तो खाली बसला. त्या दिवशी वर्ग हसला नाही.