प्रमाणपत्रापुरती शुद्धी

कार्बोरेटरची जुनी मोटार धूर-तपासणीत उत्तीर्ण करण्याची युक्ती सर्वश्रुत आहे. आधी स्क्रू फिरवून पेट्रोलचे प्रमाण घटवायचे आणि प्रमाणपत्र हाती पडताच पूर्ववत करायचे! १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा मोटारीची परीक्षा इंजिन जागेवर संथ चालू असतानाच होते. म्हणूनच ती फसते. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेली तीच मोटार आंबा घाट चढताना कार्बन मोनॉक्साइड ओकते, तो मागच्या एस.टी.तील प्रवाशांच्या छातीत जातो. वास्तविक एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि वेळेवर ऑइल बदलणे यांचा खर्च दहा हजार रुपयांपर्यंतच्या दंडापुढे किरकोळ आहे. बीएस-४ पेट्रोल मोटारींची तपासणी २५०० फेऱ्यांच्या गतीवरही होते. मग अधिक धूर सोडणाऱ्या जुन्यांनाच ही सवलत कशासाठी?